व्यायामाचं वेळापत्रक: जमवायचं कसं, मोडतं कुठे

नाशिकमधल्या जॉगिंग ट्रॅकवर वर्षातून दोनदा हमखास गर्दी वाढते. एकदा दिवाळीचा फराळ अंगावर आल्यावर आणि एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. महिना-दीड महिन्यात ती ओसरते. ज्यांचं सुटतं ते स्वतःला आळशी म्हणवून मोकळे होतात, पण खरी गोम बहुतेक वेळा वेळापत्रकातच असते. मित्र जिमला जातो म्हणून जिम, मेहुणा सायकल चालवतो म्हणून सायकल, असं करून लोक आधी व्यायाम ठरवतात आणि मग त्याला वेळ शोधत बसतात. क्रम उलटा हवा. आधी दिवसातली टिकणारी वेळ शोधायची, मग त्या वेळेला पोचता येईल अशी जागा, आणि प्रकार सगळ्यात शेवटी ठरवायचा.

वेळ आणि जागा

पहिला आठवडा काहीही सुरू करू नका. रोज कागदावर तीन नोंदी ठेवा: उठलात किती वाजता, सलग अर्धा तास मोकळा कधी मिळाला आणि पाठ अंथरुणाला कधी लागली. सातपैकी पाच दिवस जो अर्धा तास मोकळा राहिला, तो तुमचा. बऱ्याच जणांच्या बाबतीत तो पहाटेचा नसतोच. सहाला नळाला पाणी, पावणेसातला मुलांची रिक्षा, आठच्या आत डबे, अशा घरात ‘पाचला उठून चालायला जाईन’ हा बेत चार दिवस चालतो. तिथे डबे गेल्यानंतरचे साडेनऊ किंवा संध्याकाळचे साडेसहा बरे. सकाळचा व्यायाम जास्त गुणकारी असतो असं काही नाही. त्याची सोय एवढीच, की तोवर दिवसाने घोळ घातलेला नसतो. पहाटच हवी असेल तर आधी रात्र दुरुस्त करा: साडेपाचला उठायचं तर साडेदहाच्या आत झोपायला हवं. बारापर्यंत मोबाईल बघून पाचचा गजर लावणाऱ्याची आठवड्याभरात झोपही जाते आणि व्यायामही.

वेळ सापडली की ती घड्याळातल्या आकड्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधा. ‘मुलीला रिक्षात बसवलं की बूट घालायचे’, ‘कामावरून आलं की चहाच्या आधी’, असं. एकवीस दिवसांत सवय लागते हे व्हॉट्सअॅपवरचं गणित आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा माग काढला, तेव्हा रोजची एक गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. त्यामुळे निकाल लावायचा तो दोन-अडीच महिन्यांनी.

जागेचा नियम सोपा आहे: घरातून निघाल्यावर दहा मिनिटांत व्यायाम सुरू झाला पाहिजे. सिडकोत राहणाऱ्याने रोज गोदापार्कला जायचं ठरवलं, की अर्ध्या तासाच्या चालण्याला सव्वा तास लागतो, आणि मंगळवारपर्यंत ते जड व्हायला लागतं. गोदापार्क रविवारसाठी ठेवा. कॉलेज रोडच्या आसपास राहणाऱ्यांना कृषीनगरचा ट्रॅक जवळ, शरणपूर-त्र्यंबक रोडच्या बाजूला अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं गोल्फ क्लब, आणि इंदिरानगरवाल्यांना तिथलाच ट्रॅक. बाकीच्यांनी कॉलनीतला कमी रहदारीचा चौकोन शोधून गाडीच्या मीटरवर एक फेरी मोजून घ्यावी. बायकांनी पहाटेची जागा निवडताना दिवे आणि वर्दळ आधी बघावी. रिकामा, अंधारा ट्रॅक कितीही चांगला असला तरी दोन-तीनदा धास्ती वाटली की पाऊल आपोआप थांबतं.

किती पुरतं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेलं माप असं: मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा. ‘शिवाय’ हा शब्द बहुतेक लोक गाळतात. दहा वर्षं नेमाने चालणाऱ्या माणसालाही साठीत जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, त्याचं कारण हेच.

मध्यम दम म्हणजे काय, हे ओळखायला मनगटावर घड्याळ लागत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम दम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोरकस. गाणं म्हणता येत असेल तर ती शतपावली. पावलं मोजायची तर मिनिटाला साधारण १००, म्हणजे अर्ध्या तासाला ३,०००. जोडीने गप्पा मारत चालणाऱ्यांपैकी बरेच जण या मापाच्या खाली असतात.

छातीत दुखणं, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, आणि साखर खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, उपाशीपोटी व्यायामाचं त्यांच्याशीच ठरवावं आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी.

प्रकार निवडताना

चालणं सगळ्यांना जमतं. त्यात बिघडतं ते बहुधा बुटांमुळे आणि घाईमुळे. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. तळव्यातला फोम ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसतो. रोज चार किलोमीटर चालणाऱ्याचे ५०० किलोमीटर चार महिन्यांत होतात, आणि वरून बूट नवाच दिसत असतो. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येत असेल तर आधी बूट तपासा, मग अंतर कमी करा. गोल ट्रॅकवर रोज एकाच दिशेने फिरू नका. कडेचा उतार एकाच पायावर येत राहतो, म्हणून जिथे रीत आड येत नाही तिथे दिशा बदला.

पळायचं असेल तर आधी सहा आठवडे चाला. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागते ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर घाई केल्यामुळे. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध हळू तयार होतात. त्यामुळे फुप्फुसं ‘पळ’ म्हणतात आणि नडगी नाही म्हणते.

सायकलचं वेड नाशिकला जुनं आहे. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, तेव्हापासून महागड्या सायकलींची चर्चा घराघरांत होते. पण रोजच्या दहा किलोमीटरला सायकलच्या किमतीपेक्षा सीटची उंची महत्त्वाची. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढचा तळवा ठेवून चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याच्या वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. गुडघेदुखीवाल्यांना आणि वजन जास्त असलेल्यांना सायकल आणि पोहणं चालण्यापेक्षा मानवतं. पोहण्यासाठी मात्र त्र्यंबक रोडच्या सावरकर तरण तलावासारख्या ठिकाणी बॅचची वेळ आपल्या मोकळ्या अर्ध्या तासाशी जुळते का, ते आधी बघा. जाणं, कपडे बदलणं आणि परत येणं धरून दीड तास जातो.

पांडवलेणी हा नाशिककरांचा हक्काचा व्यायाम आहे. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे ‘एवढंच ना’ म्हणून पहिल्याच दिवशी तीन फेऱ्या मारणारे पुष्कळ, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरणारेही तेवढेच. मांड्या भरून येतात त्या चढल्यामुळे कमी आणि उतरल्यामुळे जास्त. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार सावरतो, आणि तिथेच तो आंबतो. म्हणून पहिले दोन आठवडे एकच फेरी, आठवड्यातून दोनदा. चढताना चवड्यावर न चढता पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा आणि टाचेने रेटा द्या. धाप लागण्याची वाट न बघता दर पन्नासेक पायऱ्यांवर थोडं थांबा. उतरताना गुडघे कडक ठेवू नका, उड्या तर मुळीच नकोत. दुखत असेल तर थोडं तिरकं होऊन उतरा. तिसऱ्या आठवड्यात दुसरी फेरी. म्हसरूळच्या चामर लेण्याला पायऱ्या जास्त आहेत, ती पुढची पायरी समजा.

सूर्यनमस्काराला ना जागा लागते ना पैसा, आणि पावसाळ्यात त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पहिल्या आठवड्यात चार, मग दर आठवड्याला दोन वाढवत बारापर्यंत. पुढे वाकताना गुडघे वाकले तर वाकू द्या. ताठ ठेवण्याच्या हट्टापायी कमरेत उसण भरते. भुजंगासनात कोपरं थोडी वाकलेली ठेवा. मनगट दुखत असेल तर बोटं पसरून भार तळव्याभर वाटा. एक उणीव मात्र लक्षात ठेवा. सूर्यनमस्कारात ढकलण्याचं काम आहे, ओढण्याचं नाही. म्हणून नुसत्या सूर्यनमस्कारांवर पाठीचा वरचा भाग तसाच राहतो.

ताकदीचे दोन दिवस

घरी वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. चार कामं पुरतात.

पहिलं, खुर्चीची बैठक. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा, पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्याएवढी अंतरावर. हात छातीवर बांधून उभे राहा आणि तीन मोजत खाली बसा. धपकन बसलात तर निम्मा फायदा गेला. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. दोन वेळा बारा-बारा सहज जमलं की खुर्ची न टेकता, आणि त्यानंतर पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून.

दुसरं, जोर. थेट जमिनीवर मारायला जाऊ नका. आधी भिंतीवर, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. प्रत्येक ठिकाणी बारा जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. कंबर खाली लोंबली की तो जोर मोजायचा नाही.

तिसरं, ओढणं. एक हात टेबलावर टेकून पुढे वाका, पाठ सरळ, दुसऱ्या हातात तांदळाची किंवा पिठाची पाच किलोची पिशवी. कोपर बरगड्यांना घासत मागे न्या, क्षणभर थांबा, सावकाश सोडा.

चौथं, दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन ताठ चालणं, अर्धा मिनिट, तीनदा. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, तेव्हा वजन वेगळं विकत घ्यायला नको.

पहिल्या तिन्ही कामांचे आठ ते बाराचे दोन सेट. ‘अजून दोन झाले असते’ असं वाटेल तिथे थांबा. श्वास रोखून धरू नका, रक्तदाबवाल्यांनी तर नाहीच. जोर लावताना सोडा. सलग दोन वेळा बाराचे दोन्ही सेट नीट झाले की पुढचा अवघड प्रकार घ्या.

जिम लावायची असेल तर तुमच्या ठरलेल्या वेळेलाच जाऊन बघा. दुपारी तीनला रिकामी दिसणारी जिम संध्याकाळी सातला उभं राहायला जागा देत नाही. वर्षाची फी स्वस्त पडते हे खरं, पण पहिले दोन महिने महिन्याचेच पैसे भरा. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लावणाऱ्या ट्रेनरला नम्रपणे नाही म्हणा. नवख्या अंगावर असा मारा झाला तर स्नायू इतके फुटू शकतात की लघवी काळ्या चहासारखी होते. तसं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यात मुद्दाम कमी वाटेल एवढंच करा: पाच दिवस पंधरा मिनिटं चालणं, बस. दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवस ताकदीचा, तिसऱ्यापासून दोन. चालण्यात दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवत गेलात की सहाव्या आठवड्याच्या आसपास अर्धा तास होतो. पाच अर्धे तास म्हणजे १५० मिनिटं. चौथ्या आठवड्यात काही वाढवू नका, तिथेच शरीराला सावरू द्या. वेग वाढवायचा तो सहाव्यानंतर, आणि वेळ व वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत.

याच्याबरोबर ‘किमान हप्ता’ ठरवून ठेवा. पाहुणे आले, डोकं दुखतंय, ऑडिट आहे, अशा दिवशी दहा मिनिटं चालणं किंवा चार सूर्यनमस्कार. तेवढं झालं की दिवस भरला. कॅलेंडरवर रोज पेनाने खूण करा. पूर्ण व्यायामाला मोठी, किमान हप्त्याला छोटी. आठवड्यात छोट्या खुणा मोठ्यांपेक्षा जास्त दिसायला लागल्या तर वेळ चुकीची निवडलीत असं समजून ती बदला.

दुखण्याचा हिशोब शून्य ते दहा असा ठेवा. तीनपर्यंत दुखणं आणि चोवीस तासांत पूर्ववत, तर चालू ठेवा. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबलं तर ते स्नायूचं, हलकं चालल्याने बरं वाटतं. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं, किंवा चाल बदलायला लावणारं दुखणं आलं, की तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या.

शिफ्टवाल्यांचं गणित

सातपूर-अंबडला दर आठवड्याला शिफ्ट फिरत असेल तर ‘रोज सहा वाजता’ हा नियम लागूच पडत नाही. तिथे व्यायाम ड्युटीला बांधा. फर्स्टला असाल तर घरी येऊन, चहानंतर. सेकंडला असाल तर सकाळी, आणि ताकदीचे दोन्ही दिवस याच आठवड्यात पूर्ण वजनाने करा. नाईटला फक्त चालणं, तेही ड्युटीला निघण्याआधी. नाईट संपवून सकाळी आल्या आल्या जोराचा व्यायाम केला की झोप लागायला उशीर होतो, आणि त्या आठवड्यात झोप जास्त मोलाची. दिंडोरी-पिंपळगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी ऑक्टोबरची छाटणी आणि नंतरची काढणी हे काळ आधीच कॅलेंडरवर किमान हप्त्याचे म्हणून लिहून टाकावेत. शेतात राबणं होतंच, पण ते एकाच बाजूने आणि वाकून होतं, म्हणून ओढण्याचं काम आणि पाठ सरळ करणारे ताण तेवढे ठेवावेत.

नाशिकचं वर्ष

वेळापत्रक ऋतू बदलला की मोडतं, म्हणून बदल आधीच ठरवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की ट्रॅकवरच्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. त्या चार महिन्यांसाठी घरातलं वेळापत्रक मे महिन्यातच लिहा: सूर्यनमस्कार, ताकद, आणि इमारतीचा जिना. जिना चढायला उत्तम. गुडघे कुरकुरत असतील आणि लिफ्ट असेल तर उतरायला लिफ्ट घ्या.

जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी ऊन पडेपर्यंत थांबावं, नाकातोंडावर मफलर घ्यावा आणि पहिली दहा मिनिटं सावकाश चालावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीला टेकतो तेव्हा सातच्या आत किंवा सूर्यास्तानंतर. उन्हाळ्याला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस वेळ निम्मी करा. घाम भरपूर येत असेल तर नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी बरं. रक्तदाबवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारावं.

खंड पडल्यावर

लग्न, गावची जत्रा, दुखणं, काहीही निमित्त असो. खंड तीन-चार दिवसांचा असेल तर जिथे सोडलं तिथूनच सुरू करा. एक ते दोन आठवड्यांचा असेल तर निम्म्या वेळेपासून, आणि पुढच्या दोन आठवड्यांत मूळ जागी. महिन्याच्या वर गेला तर पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक पुन्हा काढा, मात्र या वेळी वाढ लवकर होते. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एका रविवारी दोन तास चालू नका. ताप असताना व्यायाम नाही. ताप उतरून पूर्ण एक दिवस गेल्यावर दहा मिनिटं चालून बघा, आणि रात्री थकवा नेहमीपेक्षा जास्त वाटला तर आणखी दोन दिवस थांबा. डेंग्यू किंवा चिकुनगुनियानंतर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. चिकुनगुनियाची सांधेदुखी कित्येक आठवडे रेंगाळते, तेव्हा आधी सायकल किंवा पोहणं आणि पायऱ्या सगळ्यात शेवटी.